ताटातला पट्टा

गव्हाणची हौसा म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. तिचा नवरा दिनानाथ तीन वर्षांपूर्वी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला खाडीत गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. पण हौसाने ना कपाळाचं कुंकू पुसलं, ना हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या. "मी त्यांना मेलेलं बघितलं नाय," एवढंच तिचं म्हणणं. तो जेवायला यायचा त्या वेळेला, भर दुपारी, खाडीकडच्या मागच्या दारात ती रोज त्याचं ताट वाढायची. त्याच्यासाठी घरात जे काही येईल ते आधी त्या ताटात जायचं, मग ती तंबाखूची पुडी असो की दिवाळीचा टॉवेल. संध्याकाळी ताट रिकामं. कुत्री खातात, असं गाव म्हणायचं. हौसा वाद घालत नसे.

तिचा मुलगा प्रणित खारघरला टॉवरमध्ये राहायचा. तो मात्र मेटाकुटीला आला होता. बापाचा दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि बापाला मोकळं करायचं, असं त्याने भटजींशी बोलून ठेवलं होतं. अडलं होतं ते आईच्या होकारापाशी. हौसाच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. जिवंत माणसाला आपल्या हातांनी जाळायचं? आणि खरंच गेला असला, तर त्याला असं अडकवून ठेवायचं?

अशातच कामोठ्याची रुचिरा दारात उभी राहिली. देशोदेशीची माणसं काय खातात, किती चालतात-फिरतात, याची सगळीकडे एकाच पद्धतीने पाहणी चालली होती, त्या कामावरची ही पोरगी. मतदार यादीतून चिठ्ठी निघाली होती दिनानाथच्या नावाची.

"काका कुठे आहेत?"

"खाडीवर."

"काल काय जेवले?"

हौसाने घडाघडा सांगितलं. तांदळाच्या भाकऱ्या, चिंबोरीचं कालवण, वर थोडा भात. बाई खोटं बोलली असं कसं म्हणायचं? वाढलं तर होतंच तिने.

मग रुचिराने मनगटावर बांधायचा काळा पट्टा काढला. माणूस बसला, उठला, चालला, सगळं त्यात उमटतं, छातीचे ठोकेसुद्धा. खरं तर तो तिनेच दिनानाथच्या हातावर बांधायचा, असा कामाचा नियम. पण उन्हाने पोरगी कावली होती.

"मावशी, तुम्हीच बांधा काकांना. पण घट्ट हं. सैल राहिला तर ठोके धरत नाही."

हौसाने पट्टा ताटात ठेवला. दुसरं काय करणार? संध्याकाळी पाहते तर ताट रिकामं आणि पट्टाही गायब. लोकांची वस्तू, कुत्र्याने नेली असणार. तिने बांध पालथा घातला, काटेरी झुडपं उपसली, हात सोलवटून घेतले. पट्टा काही मिळाला नाही.

आठवड्याने रुचिरा पट्टा न्यायला परत यायची, त्या दुपारी तो ताटात पडलेला होता. ओला, खाडीच्या चिखलाने बरबटलेला. हौसाने पदराने पुसला आणि तिचा हात थांबला. पट्टा अगदी शेवटच्या भोकात लावलेला होता आणि ते भोक ताणून लांबट झालं होतं. होडी वल्हवून वल्हवून दिनानाथचं मनगट इतकं जाड झालं होतं की घड्याळाच्या पट्ट्याला चांभाराकडून जादा भोक पाडून घ्यावं लागायचं.

हौसाला रडू फुटलं, आनंदाचं. प्रणितला ठणकावून नाही म्हणायचं, हे तिने त्याच क्षणी ठरवलं.

रुचिराने पट्टा लॅपटॉपला जोडला. "वा, काका भारी चालतात की. रोज दुपारी लांबून चालत येतात, जेवायला बसावं तेवढा वेळ बसतात, पुन्हा चालू लागतात."

"मी सांगत नव्हते?" हौसा म्हणाली. तिचा चेहरा उजळून निघाला होता.

"एकच घोटाळा झालाय, मावशी." रुचिरा पडद्यावरचे आकडे वरखाली करून बघत होती. "आठवडाभरात ठोका म्हणून एकही आलेला नाही. पट्टा सैल राहिला असणार."

हौसाचा अंगठा त्या ताणलेल्या भोकावर होता.

"सैल नव्हता, बाय," ती म्हणाली.

रुचिरा गेल्यावर तिने प्रणितला फोन लावला. भटजींना हो म्हणून सांग, म्हणाली. पलीकडून तो काहीतरी विचारत होता, पण तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ताट वाढलं. एरवी वाढून आत जायची, आज उंबऱ्यावरच बसली. खाडीकडे पाठ करून, कारण तिकडे बघायचा धीर होईना.

"लई चाललात," ती म्हणाली. "आज पोटभर जेवा, आन मग बास करा."

पाठीमागे चिखलात पाय रुतल्याचा आवाज आला. मग पाय उपसल्याचा. मग पुन्हा, जरा जवळून. बांधावरची कुत्री कुठेतरी लांब पळाली होती. हौसा वळली नाही. तिने पदराने कपाळाचं कुंकू पुसलं आणि न बघताच ताट थोडं मागे सरकवलं.