पहिला नंबर जवळच्याचा

बारावीचा निकाल लागला की माझ्या दोन खोल्यांचा एसटी स्टँड होतो. दारात चपलांचा ढीग, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दाखले, आणि सगळ्यांचं एकच पालुपद, "मॅडम, माजा फॉर्म पयला घ्या ना." मी ओरडते. रांग लावा, फोटो दहावीतला चालणार नाही, नाव आधारवर आहे तसंच टाकायचं, आणि घरी विचारून सांगतो म्हणालात तर आत्ताच घरी पाठवीन. शहापुरात माझ्या ओरडण्याची ख्याती आहे. ज्युनिअर कॉलेजातून मी निवृत्त झाले, ती काही झाली नाही.

यंदाही ओरडते आहेच. पण मधेच गप्प होते आणि कान रस्त्याकडे लागतात. दरवर्षी या दिवसांत डोळखांबच्या बाजूनं एक स्कूटी यायची, वळणावर दोनदा हॉर्न वाजायचा, आणि माझ्या शेजारची खुर्ची भरायची. आषाढ अर्धा सरला, अजून हॉर्न वाजलेला नाही. त्या खुर्चीवर मी झेरॉक्सचे कागद ठेवून दिलेत. रिकामी बघवत नाही, खरं सांगायचं तर.

ती माझी विद्यार्थिनी, डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. अकरावीला आली तेव्हा वसतिगृहातल्या जागा भरल्या होत्या, आणि पाड्यावरून रोज जाऊन येऊन करायचं तर अर्धा दिवस एसटीची वाट बघण्यातच जाणार. मी तिच्या वडिलांना म्हटलं, राहू दे माझ्याकडे. लोक म्हणाले, मॅडमचं मन मोठं. कसलं मोठं आणि कसलं काय! नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी बंगळूरला, रविवारी फोन करते आणि फोन ठेवायची घाई तिच्या आवाजात मला हॅलोपासून ऐकू येते. संध्याकाळी कुलूप उघडून अंधाऱ्या घरात शिरायचा मला वीट आला होता. घरात कुणीतरी आधी येऊन दिवा लावलेला असावा, एवढंच मला हवं होतं.

आणि तिनं तो लावला. दोन वर्षं. मी घरी पोचायची तेव्हा खिडकीत उजेड असायचा आणि आतून नाचणीच्या भाकरीचा वास. माझ्या भाकऱ्यांना ती हसायची. "मॅडम, ही भाकर हाय का नकाशा?" मी चिडले की म्हणायची, "तुमचा राग दुधावानी. उतू जातो, गॅस खराब करतो नि मग आपलाच खाली बसतो. पुसायला मी." अशी जीभ. वर्गात मात्र तोंडातून शब्द नाही फुटायचा तिच्या.

बारावीत असताना तिनं धसईच्या एका बियाण्याच्या दुकानातून कॅलेंडर आणलं. त्यातलं एक पान फाडून माझ्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवलं. उतारावरची हिरवी शेती, मागे समुद्र, आणि खाली छापलेलं की हे कोकणातलं सरकारी कृषी महाविद्यालय. ठाणे जिल्ह्यात जन्म काढून तिनं समुद्र पाहिला नव्हता. तानसा धरणाचं पाणी मुंबईला गेलं, पाड्यावरची पोरगी कुठली जाते! ती त्या पानाकडे बघत म्हणायची, "तितं नाचणीवर पण शिकवतात म्हणं. आमची आजी नुसत्या कणसावरनं नाचणीच्या सहा जाती वळखते. तिला कोण इचारत नाय. मला तितं जायचाय, मॅडम."

मीच तिला सीईटीला बसवलं. मीच तिच्याकडून जुने पेपर सोडवून घेतले, चुकली की डोक्यात टपली मारली. मार्क असे पडले की तिथं तिची जागा पक्की होती. हे मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आता या फॉर्ममधली मेख सांगते. आपल्याला हवी ती कॉलेजं नंबर लावून लिहायची असतात. पहिल्या नंबरावर लिहिलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं, तर ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. म्हणून जे सगळ्यात जास्त हवं तेच पहिलं लिहायचं. हे मी दरवर्षी मे महिन्यात एका रविवारी मुलांना बसवून घसा फोडून सांगते. त्या रविवारी ती नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं, आणि अक्षर चांगलं म्हणून सगळ्या पत्रिकांवरची नावं तिनंच घातली होती.

त्या पत्रिकांचा तिकडे मोठा मान असतो. पहिली पत्रिका गावदेवीला. मग भावकी, मग शिवेलगतचे पाडे, मग सोयरे, आणि लांबचे सगळ्यात शेवटी. जवळच्याला डावलून लांबच्याच्या हातात आधी पत्रिका पडली, तर जवळचा मांडवात पाय ठेवत नाही. तोंडानं काही बोलत नाही, पण वर्षानुवर्षं धरून ठेवतो. तिचे वडील यावर भलतेच कडक. तिनं त्या महिन्यात तेच केलं होतं, दोन-अडीचशे नावं, जवळच्यापासून लांबच्यापर्यंत.

कॉलेजांची यादीही तिनं तशीच केली.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी ती आणि तिचे वडील सकाळच्या एसटीनं आले. ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर येणार आणि पाड्यावर रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या फणसाखाली, म्हणून ते लावणी सोडून मोबाईल घेऊन आले होते. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, मोबाईल दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. मी म्हटलं, "भाऊ, वर बसा खुर्चीवर." ते उंबऱ्यापाशीच बसले. म्हणाले, "मॅडम, जवळ काय भेटल ना? लांब धाडायला जीव नाय होत. पण पोरगी म्हणल तसा." तेवढंच बोलले. आडवे आले नाहीत. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे, कारण पुढे कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात सगळं त्यांच्यावर ढकलत होते.

तिनं यादीचा कागद पुढे केला. सुबक अक्षर, समासाची रेघ आखलेली. पहिल्या नंबराला मुरबाडच्या वाटेवरचं खाजगी कृषी महाविद्यालय. इथून एसटीनं जाऊन येऊन करता येईल असं. मग थोडं लांबचं, मग आणखी लांबचं. आणि शेवटी, सहाव्या नंबराला, समुद्राकाठचं ते. त्याच्यापुढे तिनं पेन्सिलीनं एक बारीकसं फूल काढलं होतं.

मला एका नजरेत कळलं. जवळच्यांचा मान ठेवून झाला की शेवटी आपल्याला हवं ते मागायचं, असं तिनं धरलं होतं. पोरीला वाटलं, मान दिल्यानं आपलं काही जात नाही.

एक वाक्य बोलायचं होतं. अगो शहाणे, ही काय लग्नाची पत्रिका आहे का, उलटी कर ती यादी! एरवी एका स्पेलिंगसाठी मी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी तोंड उघडेना. मला खिडकीतला उजेड दिसत होता. ती मुरबाडला जाऊन येऊन करेल, माझ्याकडेच राहील, संध्याकाळी भाकरीचा वास येईल. ती त्या समुद्राकडे गेली की संपलंच. रविवारी फोन करेल, घड्याळ बघून.

तिनं विचारलं, "बरोबर हाय ना, मॅडम?"

मी म्हटलं, "बरोबर आहे."

वडिलांनी दुधाच्या पिशवीतून मोबाईल काढला, एकेक आकडा बोटानं दाबावा तसा वाचून दाखवला, आणि फॉर्म लॉक झाला. मग मी दोघांना पोहे दिले. चांगले झाले होते, तिनं दुसऱ्यांदा घेतले.

पहिल्याच फेरीत पहिल्या नंबराचं कॉलेज लागलं. ती माझा मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली, हसत. "पयलाच भेटला बघा! आता पुढच्या फेरीत तितलं बघू ना?" मी कढईकडे बघत सांगितलं, पुढची फेरी नसते आता. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "मी लग्नाला गेलते ना. तुमी त्या दिवशी वर्गात सांगितला असंल. माजीच चूक." तिनं चूक स्वतःकडे घेतली आणि मी घेऊ दिली. याहून वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

तिचं वाटोळं झालं असं नाही. कॉलेज चांगलं होतं, ती चांगली शिकली. चार वर्षं माझ्या घरात दिवा लागत राहिला. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि एक घास धड गोड लागला नाही. ती जेवताना त्या कॅलेंडरच्या पानाकडे बघायची. तक्रार नाही, काही नाही, नुसती बघायची. मग मलाच त्या जागेची ओढ लागली. तिथली माती कशी असेल, समुद्राचा आवाज वर्गात येत असेल का, तिला तिथं कोण मैत्रीण मिळाली असती, असल्या गोष्टी मी रात्रंदिवस घोळवत बसायची. ज्या गावी मी कधी गेले नाही त्या गावाहून मला तिचं पत्र यावं असं वाटायचं. आणि ती तर समोर बसून कांदा चिरत असायची.

पुढे धसईला बियाण्याच्या दुकानात ती कामाला लागली, दुकानातच शेतकऱ्यांना सल्लाही द्यायची, स्कूटी घेतली. दर वर्षी फॉर्मच्या दिवसांत आठ दिवस सुट्टी काढून माझ्या मदतीला यायची. पोरं माझ्याकडे यायला घाबरत, ती त्यांना गोड बोलून ओढून आणायची.

गेल्या वर्षी तिच्याच पाड्यावरची एक मुलगी यादी घेऊन आली. तशीच यादी, जवळचं पहिलं, हवं ते शेवटी. तिनं लाल पेन घेतलं आणि सगळ्या नंबरांवर काट मारली. "अगो, पत्रिका वाटतेस काय? आदी तुला होवा ते लिव. मान द्यायला अख्खा जलम हाय." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "आपल्या टायमाला असा सांगणारा कोण नव्हता, ना मॅडम? तुमाला तरी कुठं दिसला तवा."

मी सहज हो म्हणू शकले असते. इतकी वर्षं तेच केलं होतं. पण तिनं माझी बाजू घेतली आणि ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "दिसलं होतं ग. मला दिसलं होतं. तू जाऊ नयेस म्हणून मी गप्प बसले."

तिनं समोरच्या मुलीचा फॉर्म पूर्ण केला, तिच्याकडून वाचून घेतला, पावती छापून दिली, तिला एसटीत बसवून आली. मग चहाचे दोन्ही कप विसळून पालथे घातले. भिंतीवरचं पान नखानं हलकेच सोडवलं, घडी केली, पर्समध्ये ठेवलं. दारात चप्पल घालताना म्हणाली, "मी इचारला होता तुमाला, मॅडम. बरोबर हाय ना, असा इचारला होता." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला रागाची सवय आहे.

तेव्हापासून ती आलेली नाही. दिवाळीत मी फोन केला, तिच्या आईनं उचलला. ती शेतावर गेली म्हणाली. मी दोनदा धसईच्या बाजाराला जाऊन आले, दुकानासमोरून गेले, आत जायचा धीर झाला नाही. माझ्या टेबलावरच्या भिंतीवर पानाएवढा रंग तेवढा नवा दिसतो. संध्याकाळी आता मी बाहेर जाताना दिवा लावूनच जाते. तेवढ्यानं भागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आज सकाळी एक मुलगी आली. डोळखांबच्या बाजूची, बारीक, दोन वेण्या. पिशवीतून दाखले काढले आणि सगळ्यात खालून चौपदरी घडी केलेला कागद. अक्षर बघताच माझे हात थांबले. सुबक, समासाची रेघ आखलेली. पहिल्या नंबराला समुद्राकाठचं ते कॉलेज. मुरबाडचं सगळ्यात शेवटी.

मी विचारलं, "ही यादी कुणी करून दिली ग?"

"ताईनं."

"ताई बरी आहे?"

"बरी हाय." मग दारातल्या चपलांकडे बघत म्हणाली, "ताईनं सांगितलाय, फॉर्म मॅडमकडनंच भर, तितं चूक होत नाय. पण यादीला हात लावू देऊ नको."

मी मान हलवली. खुर्चीवरच्या झेरॉक्स उचलून खाली ठेवल्या आणि तिला शेजारी बसवलं, स्क्रीन दिसेल अशी. कागदावरची सहाही नावं जशीच्या तशी टाकली. मग एकेक नाव बोट ठेवून मोठ्यांदा वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि लॉक करण्याआधी तिला विचारलं, "बरोबर आहे ना?"