लॅपटॉपचं कपाळ

दोन हजार चौदा साली मी एकाहत्तरचा होतो. अमेरिकेतला मुलगा म्हणाला, "अण्णा, तो जुना लॅपटॉप भंगारात द्या. नवा पाठवतो." मी साफ नाही म्हटलं. दुरुस्तीवाल्याकडून त्यात विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटातली प्रणाली घालून घेतली. सगळं चालू झालं, फक्त कॅमेऱ्यात अंधार. संध्याकाळी नात व्हिडिओवर बोलणार होती. तिला मी दिसलो नाही, तर मुलगा जिंकणार.

कर्वेनगरच्या गिरणीत दळण टाकून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली एक बाई आपल्या डब्यावर बसली होती.

"काय काका, हाही दळायचाय?"

मी घुश्शातच अडचण सांगितली. तिनं लॅपटॉप ओढून घेतला. पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत इंग्रजीत काहीबाही लिहायची आणि दर ओळीला बटणांवरचं पीठ फुंकायची.

"लिनक्सला कॅमेरा सापडलाय," ती म्हणाली. मग मान तिरकी करून पडद्याच्या वर बघत राहिली. "याला कुंकू कोणी लावलं?"

"मी. खंडेनवमीला यंत्राची पूजा करतात. कपाळ बघूनच लावलंय."

"याचा डोळा कपाळातच असतो, काका. पुसा ते."

"कुंकू पुसत नसतात!"

"मग सरकवा."

मी अंगठ्यानं सरकवलं. पडद्यावर पीठ उडालेला एक म्हातारा रागानं माझ्याकडं बघत होता. तेवढ्यात तिचं दळण झालं, आणि नाव विचारायच्या आत ती गेलीसुद्धा.

संध्याकाळी नात मला बघून खिदळली. मुलगा म्हणाला, "राहू द्या मग जुनाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात डबाभर पीठ असताना, मी पावशेर बाजरी घेऊन गिरणीत जाऊन बसलो.