ढग दिसेपर्यंतचा डेटा

मिरजगावच्या चहाच्या टपरीवर तो मला एकदाच भेटला. गळ्यात कॅमेरा, मोटरसायकलच्या हँडलला मोबाईल. वादळी ढगांमागे धावून फोटो काढायचा त्याला नाद होता. डेटा जपायला तो पावसाच्या रडारचा हलता नकाशा लावत नसे. एकच चित्र उघडायचं आणि लगेच नेट बंद. त्या दिवशी मात्र पुतणीच्या हळदीच्या व्हिडिओंनी सगळा डेटा खाल्ला होता.

“ताई, हॉटस्पॉट देता का? कमानीचा ढग अजून एकदाबी घावला न्हाई मला. आज हाय, पन कुठं वळतोय ते कळंना.”

मी दिला. चित्रात पावसाचा लाल पट्टा कर्जतकडे वळलेला दिसला. त्यानं लगेच किक मारली.

“अहो, हॉटस्पॉट इथंच राहील की,” मी म्हटलं.

“मग तुमीबी चला.”

मला सावेडीला वेळेत पोचायचं होतं, तरी त्याची मोटरसायकल टपरीवर ठेवून मी त्याला माझ्या गाडीत घेतलं. तो मांडीवर बोटं वाजवत रस्ता सांगत होता. एका वळणानंतर काळीनिळी कमान आभाळभर समोर उभी राहिली. मी गाडी कडेला थांबवली.

“नवं चित्र उघडायचं का?” मी विचारलं.

“आता कशाला? ढग दिसंपर्यंतच डेटा लागतो, ताई,” म्हणत त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि कॅमेरा उचलला.