गाडी तापते, पदर हलेना!

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! लग्नाला चार महिने झालेले. सासरी माझं बोलणं म्हणजे 'हो' आणि 'चहा ठेवू?' एवढंच. आणि एकदा तोंड उघडलं, ते असं उघडलं की विचारू नका!

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. भावाची वाट पाहत सगळा कापूस राळेगावच्या आमच्या घरीच पडलेला. छपरीत आढ्यापर्यंत ढीग, त्याला खेटून मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी मोटार. दुधाच्या सायीवरसुद्धा कापूस! मी रुखवतातलं भरतकाम बाहेर काढलं. टीव्ही झाकला, मिक्सर झाकला, दिसेल ते झाकत सुटले.

अशात गाडी तापायला लागली. गाव सोडलं की काटा लाल! आणि दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याला माझ्या बहिणीचा साखरपुडा!

"गाडी सुधरली तं जाऊ," मामंजी म्हणाले. "नव्या सुनेले यष्टीत उभी नाही नेत मी!"

झालं! माझं माहेर त्या इंजिनात अडकलं.

"पाणी कमी असंन," आमचे हे म्हणाले. पाणी काठोकाठ!

"थर्मोस्टॅट अटकला," मामंजी. गरम झाल्यावर उघडतो का, हे पाहायला तो काढून उकळत्या पाण्यात टाकला. तोही माझ्या चहाच्या गंजात! बिचारा शहाण्यासारखा उघडला.

मग शेजारचे ट्रॅक्टरवाले गजूभाऊ आले. "काका, इंजिनच खोला लागते!"

इंजिन खोलणार? म्हणजे साखरपुडा गेलाच की!

चहा द्यायला मी गाडीपुढे गेले. इंजिन सुरू, पंखा गरगर, पण समोरच्या जाळीजवळ माझा पदर जराही आत ओढला जाईना.

"हवाच नाही जाऊन राह्यली आत," मी बोलले.

सगळ्यांनी बॉनेटमधून डोकी वर काढली. सून बोलली!

"तुले काय समजते त्यातलं?" आमचे हे.

"पदर पाहा नं! हलते का?"

गजूभाऊंनी जाळीला कागद लावला. चिकटायचं सोडून कागद खाली! "वहिनी बरोबर हाय नं बे! आत काही अडकलं."

काय माझी मान ताठ झाली! गाडी थंड होऊ दिली. "थांबा, मीच काढते!" म्हणत जाळीमागे हात घातला आणि सर्रकन ओढलं.

लाल कापड. त्यावर दोन पोपट. मध्ये 'सुस्वागतम्'. खाली, सुबक टाक्यात, माझं नाव!

रेडिएटरवर कापूस बसू नये म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मीच खोचलं होतं हो!

साखरपुडा गाठला. पण आजही मामंजी तापले की सासूबाई त्यांच्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर हाक मारतात, "सूनबाई, यायले बी काही खोचून ठेवलं का वं?"