मिठावरची लंगडी

सान लुइसच्या जुन्या स्टेशनामागे एल्विया रेंतेरियाचं तोर्तियांचं दुकान आहे. यंत्रातून मक्याच्या गरम तोर्तिया, पातळ भाकऱ्याच त्या, एकीमागून एक बाहेर पडतात, एल्विया त्या वजन करून कागदात गुंडाळते आणि रांग पुढे सरकते. हे सगळं ती उंच स्टुलावर बसल्या बसल्या करते. उठायची वेळ आली की आधी काउंटर धरते, उजवा पाय जमिनीला टेकवते आणि मग डावा, हट्टी पोराला ओढावं तसा, मागून ओढून घेते. ‘लंगडीच्या दुकानावरून डावीकडे वळा,’ असा पत्ता त्या आळीत सांगतात. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नसतं. टकल्याला टकल्या म्हणायचं आणि जाडीला जाडी, अशीच तिथली बोलायची रीत.

पण या लंगडण्याला एके काळी देशभर टाळ्या पडल्या होत्या, अजूनही पडत होत्या, हे आळीत कुणाला ठाऊक नव्हतं. एल्वियाने कधी सांगितलंच नाही. सांगून काय करायचं होतं? तोर्तिया थोड्याच जास्त खपणार होत्या?

तरुणपणी ती राजधानीत लेआंद्रो उर्रुतियांच्या नृत्यकंपनीत होती. ‘मीठ’ नावाचा एक नाच त्यांनी तिच्यासाठी बसवला. रंगमंचभर खडेमीठ पसरायचं, आणि मिठागरावरून एक बाई पक्ष्यासारखी उड्या घेत पलीकडे जाते, असा तो नाच. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी, तालमीत, मिठावर तिचा डावा पाय सरकला आणि गुडघ्यात ओल्या दोरीला हिसका बसावा तसा आवाज झाला. दुसऱ्या दिवशी गुडघा कलिंगडाएवढा झाला होता.

“उड्या गाळ,” माएस्त्रो म्हणाले. नाचाच्या जगात उर्रुतियांना सगळे माएस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणत. “चालत जा. पण जा. लोक आलेत, पोरी.”

ती गेली. पाय ओढत, थांबत, दात आवळून ती त्या मिठावरून पलीकडे पोचली. सभागृहात चिटपाखरू हललं नाही, आणि मग सगळे उठून उभे राहिले. त्या ओढत्या पायात अख्ख्या गरीब देशाची कहाणी दिसली, असं कुणीतरी पेपरात लिहिलं. माएस्त्रोंनी त्यानंतर नाचात उड्या पुन्हा कधी घातल्या नाहीत. लंगडणंच ‘मीठ’ झालं. एल्विया त्या गुडघ्यावर तो नाच करत राहिली, गुडघा कामातून जाईपर्यंत. जाताना तिने पुढच्या मुलीला लंगडायला शिकवलं, त्या मुलीने तिच्या पुढचीला. असे नाच कागदावर उतरवून ठेवत नाहीत, या अंगातून त्या अंगात जातात. एल्विया गावी परत आली, नाबोरशी लग्न केलं, त्याचं दुकान सांभाळलं. नाबोर गेल्यावर घरात ती आणि तिची नणंद कुका, दोघीच उरल्या.

आणि एक दिवस कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला.

“कोण गं?” पिठाचा हात पुसत कुकाने विचारलं.

“माएस्त्रो येतायत. नाच बसवायला लागून पन्नास वर्षं झाली त्यांना, त्याचा दौरा आहे. शेवटी ‘मीठ’ आहे. मला स्टेजवर बोलावणार म्हणे.”

“तुला? कशाला?”

“मी पहिली होते ना.”

“पहिली कोण?”

“पहिली लंगडी.”

मग एल्वियाला सगळं सांगावंच लागलं. ऐकता ऐकता कुका मटकन पोत्यावर बसली. “अगं बाई! म्हणजे आम्ही इतकी वर्षं फुकट बघतोय, ते लोक तिकीट काढून बघतात? आणि तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस? नाबोरला तरी ठाऊक होतं का?”

“त्याला वाटायचं मी जिन्यावरून पडले.”

“माझा भाऊ साधाच होता,” कुका म्हणाली आणि त्याच संध्याकाळी एल्वियासाठी निळं कापड घेऊन आली.

शनिवारी दुपारी एल्विया तालमीला गेली. माएस्त्रो आता काठीशिवाय चालत नव्हते, पण गळ्यातला लाल रुमाल तसाच होता. “एल्वियीता!” म्हणत त्यांनी तिला मिठीत घेतलं, दोन्ही गालांना हात लावून तिचा चेहरा नीट पाहिला आणि डोळे पुसले. खोटं त्यात काही नव्हतं. माएस्त्रोंना माणसं खरोखर आवडत. त्या माणसांना दुखतंय हे मात्र त्यांच्या लक्षात यायचं नाही.

“आता बघ,” तिला शेजारी बसवून ते म्हणाले. “युनुएन नाव आहे पोरीचं. मिचोआकानच्या तळ्याकडची. इतकं खरं लंगडणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. तुलासुद्धा नाही, रागावू नकोस.”

दिवे लागले. सडपातळ, मोठ्या डोळ्यांची मुलगी मिठावर आली, आणि तिने पहिली चार पावलं टाकली तोच एल्विया खुर्चीत पुढे सरकली.

शिकलेली लंगडी पाऊल टाकल्यावर लंगडते. खरी लंगडी पाऊल टाकायच्या आधीच लंगडते. दुखणार आहे हे अंगाला आधी कळतं. खांदा चढतो, श्वास अडकतो, आणि मग पाय पडतो. युनुएनचा खांदा आधी चढत होता.

तालीम संपल्यावर एल्विया मेकअपच्या खोलीत गेली. युनुएन एकटीच होती. तिने घाईघाईने पायावर टॉवेल टाकला.

“काढ तो,” एल्विया म्हणाली.

“काही नाही हो माएस्त्रा, जरा मुरगळलाय.”

“काढ म्हणते ना.”

टॉवेलखाली गुडघा तांबडा, तुकतुकीत झाला होता. एल्वियाने हाताचा मागचा भाग लावला. चटका बसावा इतका गरम.

“कधीपासून?”

“आग्वासकालियेन्तेसच्या प्रयोगापासून. आवाज आला होता.” मग ती घाईने म्हणाली, “पण पट्टी आवळली की जमतं. खरंच जमतं.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवला तर तो नाचू नको म्हणेल.”

“मग नको नाचूस! दुसरी कुणी नाही का?”

“दुसरी कॅनडाला गेली, नवऱ्याबरोबर. मीच आहे.” युनुएनने तिचे दोन्ही हात धरले. “माएस्त्रा, हा दौरा संपला की कंपनी बंद होणार आहे. सगळ्यांना माहितीय, बोलत कुणी नाही. त्यानंतर मला कोण विचारणार? फक्त उद्याचा एक आणि साकातेकासचे दोन. तेवढे होऊ द्या. सांगू नका. तुम्ही तर नाचला होतात ना अशाच पायावर!”

“म्हणून तर सांगतेय.”

“तुम्ही नाचलात म्हणून आज ‘मीठ’ आहे,” मुलगी म्हणाली.

एल्वियाने टॉवेल पुन्हा त्या गुडघ्यावर टाकला. आणि खरं सांगायचं तर, निळा ड्रेस शिवून तयार होता. ‘मीठ’ रद्द झाला की तिला स्टेजवर बोलावणंही रद्द. आयुष्यात एकदा आळीतल्या लोकांसमोर कुणी तिचं नाव घेणार होतं. ती घरी गेली ती माएस्त्रोंना काही न सांगताच. जेवणात तिचं लक्ष नव्हतं, आणि कुकाने खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं.

“आणि तू गप्प आलीस?” कुका म्हणाली. एवढंच. एरवी बोलून बोलून जीव खाणारी कुका एवढंच बोलून उठली आणि भांडी घासायला लागली.

प्रयोग रविवारी दुपारचा होता. सकाळीच एल्विया थिएटरवर पोचली. अंगणात कंपनीची माणसं पानात उकडलेले तामाल खात, वाफाळता मक्याचा आतोले पीत बसली होती. मधोमध माएस्त्रो. ते एकटे कधी नसतच. त्यांना बाजूला बोलवावं म्हणून एल्विया थोडी थांबली, पण मॅनेजर त्यांना पत्रकारांकडे न्यायला आला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून ती सगळ्यांदेखत बोलली.

“माएस्त्रो, त्या मुलीला आज नाचवू नका. ती लंगडण्याचं सोंग करत नाहीये. तिचा गुडघा गेलाय.”

माएस्त्रोंनी वळून पाहिलं. “युनुएन? काय गं? दुखतंय?”

युनुएन पायरीवर बसली होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती उठली. पाय न ओढता उठली. त्यासाठी तिला किती सोसावं लागलं असेल ते एल्वियालाच कळलं.

“नाही माएस्त्रो,” ती हसून म्हणाली. “लंगडायचा मक्ता आपल्याकडेच आहे, असं यांना वाटतंय.”

माणसं हसली. सुटल्यासारखी हसली. माएस्त्रोंनी एल्वियाच्या खांद्यावर हात टाकला. “एल्वियीता, असं सगळ्यांनाच होतं गं. आपली जागा दुसऱ्याने घेतलेली बघवत नाही. मलासुद्धा नवी पोरं नाच बसवतात ते बघवत नाही.” आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवून ते पत्रकारांकडे गेले.

एल्विया तिथेच उभी राहिली.

दुपारी थिएटर तुडुंब भरलं. कुकाने अर्धी आळी आणली होती. एल्विया पहिल्या रांगेत निळ्या ड्रेसमध्ये बसली, हात मांडीवर घट्ट धरून. आधीचे नाच तिला दिसलेच नाहीत. मग मीठ पसरलं गेलं, पांढरा दिवा लागला आणि युनुएन आली.

ती सुंदर नाचली, हे म्हणायलाच हवं. माएस्त्रो खोटं बोलले नव्हते. एल्वियाचं लंगडणं या मुलीपुढे काहीच नव्हतं. पलीकडची कड थोडीशी उरली असताना तिचा खांदा चढला, पाऊल पडलं आणि पाय आतल्या बाजूला वळला. ती कोसळली. ओरडली नाही. मिठात गाल टेकवून पडून राहिली, एक हात त्या कडेकडे पसरलेला.

नाचात असं पडणं नव्हतं. ते एल्वियाला माहीत होतं, कंपनीला माहीत होतं. प्रेक्षकांना कसं कळावं? त्यांना वाटलं, बाई पोचली नाही, हाच शेवट. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्यांनी छत दणाणलं. शेजारी कुका, जिला गुडघ्याचं ठाऊक होतं तीसुद्धा, रडत टाळ्या वाजवत होती.

माएस्त्रो माइक घेऊन विंगेतून काठी टेकत आले. “हेच,” ते म्हणाले. “पन्नास वर्षं मी हेच शोधत होतो.” मग त्यांनी हात पुढे केला. “आणि या गावची लेक, जिच्यापासून हे सुरू झालं, ती एल्विया रेंतेरिया!”

एल्विया पायऱ्या चढली. मिठावर आली. तिचा ओढता पाय लोकांनी पाहिला, ओळखला, आणि टाळ्या दुपटीने वाढल्या. तिला गुडघ्यावर बसता येत नाही. ती मुलीशेजारी धप्पकन बसली. लोकांना वाटलं, जुनी बाई नवीला जवळ घेते आहे.

“उचलू नका,” मुलगी दातांतून म्हणाली. “हलवू नका मला. माएस्त्रा, पाय बघवत नाही, मी बघणार नाही.”

“पडदा टाका!” एल्विया ओरडली. त्या गोंगाटात तिचा आवाज तिलाही ऐकू आला नाही.

पडदा पडला तेव्हा माएस्त्रोंना कळलं. ते खुर्चीवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले, “माझी पोर, माझी पोर” म्हणत. कुणी पाणी आणलं, कुणी त्यांचा लाल रुमाल सैल केला, मॅनेजर त्यांच्या रक्तदाबाची गोळी शोधू लागला. सगळी कंपनी त्या खुर्चीभोवती गोळा झाली. मिठावर मुलगी आणि एल्विया, दोघीच. बर्फ आणला तो कुकाने. बाहेर चौकात बर्फाचा गोळा विकणाऱ्याकडून तिने अख्खी लादीच उचलून आणली होती.

दवाखान्यात रविवारचा एकच शिकाऊ डॉक्टर होता. त्याने गुडघा पाहिला, हलकेच सरळ केला आणि ऑपरेशन लागेल म्हणाला. नाचाचं विचारल्यावर त्याने मान खाली घातली. कंपनीची बस साकातेकासला निघून गेली होती; तिथे ‘मीठ’ऐवजी दुसरं काही करणार होते. मिचोआकानहून मुलीची आई निघाली होती, तिला पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. कुका दुकान उघडायला गेली.

खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी पडलं होतं. युनुएनच्या केसांत अजून मीठ होतं. एल्विया ते बोटांनी काढत बसली.

“लोक उभे राहिले होते ना?” मुलीने विचारलं.

“हो.”

“सगळे?”

“सगळे.”

छताकडे पाहत ती म्हणाली, “मी सकाळी सांगणार होते. रात्रभर झोपले नव्हते मी. माएस्त्रोंचं खाणं झालं की त्यांना बाजूला घेऊन सांगायचं, असं ठरवलं होतं. पण तुम्ही सगळ्यांसमोर बोललात.”

एल्वियाचा हात थांबला.

“सगळ्यांसमोर मी काय म्हणणार होते?” मुलगी म्हणाली, आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.

हे खरं होतं, की दुखण्याने तिच्या तोंडून वदवलं, कुणास ठाऊक. तिला विचारावं, असं एल्वियाच्या मनात आलं. पण विचारून जे उत्तर मिळेल, ते हो असो की नाही, आपल्याला घरी घेऊन जाता येणार नाही, हेही कळलं. तिने हात पुढे केला आणि केसांतलं मीठ पुन्हा काढायला घेतलं. मुलीने डोकं बाजूला घेतलं नाही. तेवढंच.