शिखरापुरती माती
गेरू भिजवला की त्या वासासरशी लॉकडाउनमधलं ब्रेडा, नेदरलंड्समधलं आमचं हे गाव, आठवतं. शेजारच्या घरी आपल्या मुलीकडे आलेली एक अमेरिकन चित्रकार म्हातारी तेव्हा इथं अडकून पडली होती. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातला एकच लाल डोंगर तिनं चाळीस वर्षं रंगवलेला, आणि इथंही रोज खिडकीशी उभी राहून आठवणीनं तोच. आता आईनं परत जायचं नाही, असं मुलीनं ठरवूनच टाकलं होतं. एक दिवस लाल रंग संपला. दुकानं तर बंद. कुंडीला लावायचा माझा गेरू मी कुंपणावरून दिला. तिनं तो जवसाच्या तेलात घोटून डोंगर रंगवला, पण शिखर कोरंच ठेवलं. “ते तिथल्याच मातीनं. मी जाणार आहे,” मुलीसमोर तिनं मला ठणकावून सांगितलं. आज कुंडीसाठी भिजवलीय ती लाल माती माझी नाही. शिखर रंगवून उरलेली तिनं टपालानं पाठवलीय.