मोहरीची बाजू

"ग्राफच्या रेषेबाहेर गेलेला बिंदू खोडायचा. का, ते विचारायचं नाही." एमएस्सीला चंद्रपूरच्या कॉलेजात गेले, त्या पहिल्याच दिवशी हेड सरांनी सांगितलेला हा नियम. आमच्या फिजिक्स विभागातले किस्से शोधावे लागत नाहीत. पंख्यावर कोळशाची धूळ साचते, तसे आपोआप साचतात.

*

माझा प्रोजेक्ट सरांना खटकायचा. काचेचा डबा, मधे भिंत, भिंतीला छोटी खिडकी, दोन्हीकडे सारखी मोहरी. डबा जुन्या लाउडस्पीकरवर ठेवून हलवायचा. जोरात हलवला की मोहरी दोन्हीकडे सारखी राहते. जोर कमी केला की हळूहळू एकाच बाजूला जमते. कुठल्या, ते आधी सांगता येत नाही.

"हे फिजिक्स आहे की स्वयंपाक?" सर म्हणाले.

"स्वयंपाक असता तर तुम्ही अडवलं नसतं, सर!"

*

लॅब सांभाळायचे वामनभाऊ. एकदा ऐन प्रयोगात लाइट गेली. खिडकीतून थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या, धूर सोडत.

"लाइट इथीच बनते बाई," वामनभाऊ म्हणाले, "अन् सारी जमते मुंबईच्या बाजूले. तुमच्या मोहरीसारखीच!"

मला हसू आलं नाही.

*

मोहरी एकीकडे जमू लागली की सर धावत यायचे. पंखा बंद! टेबलावर वीट! "कोणी चालू नका!" तरी मोहरी सरकतच राहायची.

मी एकदा नॉब फिरवून जोर वाढवला. मोहरी पुन्हा दोन्हीकडे सारखी.

"गोंधळ आवरायला गोंधळच वाढवायचा?"

"हो, सर. दाबून नाही आवरत."

*

पुण्यात पीएचडीसाठी फर्स्ट क्लास हवा होता, आणि प्रोजेक्टचे मार्क सरांच्या हातात. विभागात शिकवणाऱ्या सीनिअर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इतकी काऊन अडून राह्यली? चार बिंदू खोडले तर तुझं काय जाते?"

*

परीक्षेचा दिवस. बाहेरून आलेले परीक्षक, सर, बाई, तिघं माझ्या ग्राफवर वाकलेले. मोहरी जमली त्या प्रत्येक वेळेचा एक बिंदू; निम्मे डावीकडचे, निम्मे उजवीकडचे.

"डबा तोच, मोहरी तीच, मग उत्तरं दोन कशी?" सर म्हणाले. "उजवीकडचे खोड. मग सही करतो."

"खोड ना माय," बाई पुटपुटल्या.

"नाही खोडणार."

मी मोहरी दोन्हीकडे सारखी केली, स्पीकर सुरू केला आणि जोर कमी करत आणला.

"कुठल्या बाजूचे खोडायचे, सर? आता सांगा. एक बाजू भरायच्या आधी."

सरांनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षकांनी बाईंकडे. काचेत मोहरी उडत होती. अजून दोन्हीकडे सारखी.